किल्ली माझ्या कमरेला: प्रेडर-विली असलेल्या मुलासाठी घर कसं लावावं

माझा नातू सोहम अकरा वर्षांचा आहे. त्याला प्रेडर-विली सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनचा असा आजार, ज्यात पुढे मुलाला भूक आवरत नाही. कराडच्या आमच्या घरात फ्रिजला कुलूप आहे, धान्याच्या कपाटाला कुलूप आहे, आणि दोन्हींच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात. पाहुणे आधी कुलपांकडे बघतात, मग माझ्याकडे. म्हातारी नातवाला उपाशी ठेवते, असं काहींच्या नजरेत सरळ वाचता येतं.

ज्यांच्या घरात हे नाव नुकतंच एखाद्या रिपोर्टवर आलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यातही आज्यांसाठी. डॉक्टर आईवडिलांना समोर बसवून सगळं सांगतात. पण ते दोघं कामाला गेले की दिवसभर मुलाला वाढणारी आजी असते, आणि तिला कुणी काही शिकवत नाही. मला हे शिकायला तीन वर्षं लागली. तुमची तेवढी वर्षं जाऊ नयेत.

आधी आजार समजून घ्या

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. चौथीच्या वर्गाला सांगितलं असतं तसं सांगते. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. पंधराव्या जोडीत एक भाग असा आहे, की तिथली काही जनुकं फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीवरच काम करतात. आईकडून आलेली प्रत तिथे असते, पण निजलेली असते. हे सगळ्यांचंच असं असतं, तुमचं आणि माझंही. आता वडिलांकडच्या प्रतीतला नेमका तोच तुकडा गळाला, तर काम करायला कुणी उरत नाही. प्रेडर-विलीच्या दहांतल्या सहा-सात मुलांमध्ये हेच झालेलं असतं. उरलेल्यांपैकी बहुतेकांमध्ये तुकडा गळालेला नसतो, पण पंधराव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईकडूनच आलेल्या असतात, म्हणजे दोन्ही निजलेल्या. सोहमचा तुकडा गळालेला आहे.

झुरिकमधल्या प्रेडर, लाबहार्ट आणि विली या तीन डॉक्टरांनी १९५६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. दहा ते तीस हजार जन्मांमागे असं एक मूल असतं. म्हणजे तुमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांनी असं मूल कधी पाहिलं नसेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. मात्र तुम्हाला स्वतः माहिती घेऊन जावं लागेल.

आता घरातल्या मोठ्यांनी नीट ऐकावं असं सांगते. हा तुकडा बहुतेक वेळा गर्भ राहण्याच्याही आधी, बीज तयार होताना आपोआप गळतो. आईनं काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, कुणाला उलटून बोलली, याचा काडीचाही संबंध नाही. वडिलांच्या प्रतीतला तुकडा गळाला म्हणून वडिलांचाही दोष नाही. ग्रहणाचा प्रश्न माझ्या सुनेला विचारणाऱ्यांत मी होते. तिनं त्यावर काही उत्तर दिलं नाही, नुसती उठून आत गेली. पुढे डॉक्टरांनी समजावल्यावर मी तिची माफी मागितली, पण माफी मागून तो दिवस पुसला गेला नाही. तुकडा गळालेल्या प्रकारात पुढच्या बाळाला हाच आजार होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. काही दुर्मीळ प्रकारांत मात्र ती निम्म्यापर्यंत जाते. म्हणून आपल्या मुलाचा प्रकार कोणता हे रिपोर्टवर लिहून घ्याच, आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुकतज्ज्ञांशी बोला.

तपासणीबद्दलही एक गोष्ट आहे. सोहम सहा महिन्यांचा असताना एका दवाखान्यात कॅरिओटाइप नावाची गुणसूत्रांची तपासणी केली. रिपोर्ट नॉर्मल आला, आणि आम्ही पेढे वाटले. पण हा तुकडा इतका लहान असतो, की त्या साध्या तपासणीत तो अनेकदा निसटतो. यासाठी मेथिलेशनची तपासणी लागते, म्हणजे त्या भागातली जनुकं जागी आहेत की निजलेली हे बघणारी. ती शंभरातल्या नव्व्याण्णव मुलांमध्ये आजार पकडते. आमची दोन वर्षं त्या नॉर्मल कागदावर गेली. तुमचं बाळ जन्मतः लुळं असेल, रडणं क्षीण असेल, दूध ओढता येत नसेल, मुलगा असेल तर अंडकोष खाली उतरलेले नसतील, आणि साधा कॅरिओटाइप नॉर्मल आला असेल, तर तिथे थांबू नका. मेथिलेशन झालं का, एवढं विचारा.

पहिली दोन वर्षं

या काळावर फार लिहीत नाही, कारण तेव्हा तुम्ही डॉक्टरांच्या हाताखालीच असता. या मुलाला पुढे भूक आवरणार नाही, पण सुरुवातीला त्याला खाता येत नाही. आमच्या बाळाला बावीस दिवस नाकातून नळी होती. नंतर वाटी-चमचा. माझ्या आईच्या वेळचं, बाळाला दूध पाजायचं बोंडलं मी माळ्यावरून काढून घासूनपुसून ठेवलं होतं, पण नर्सबाईंनी हात धरला. स्नायू सैल असलेल्या बाळाच्या घशात दूध ओतलं तर ते फुप्फुसात जातं. त्याला भरवायचं कसं हे तिथल्या माणसांकडून शिकूनच घरी या. बाळ दुधासाठी रडत नाही, म्हणून घड्याळ लावून पाजा. फिजिओथेरपी लगेच सुरू करा. मान, बसणं, चालणं सगळं उशिरा येतं, पण येतं. सोहम अडीच वर्षांचा झाल्यावर चालला.

दुसऱ्या वर्षानंतर बाळ बाळसं धरू लागतं, आणि घराला वाटतं, सुटलो. या वळणावर सावध व्हा. साधारण दोन ते साडेचार वर्षांच्या दरम्यान खाणं फारसं न वाढताही वजन चढू लागतं. त्यानंतर भूक वाढते. आठाच्या आसपास ती अशी होते की पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचतच नाही. काही मुलांत हे आधी होतं, काहींत नंतर. पण भूक पेटल्यावर कुलूप शोधायला जाऊ नका. वजनाच्या पहिल्या चढालाच घर बदला.

कुलूप का आणि कसं

सोहम पाच वर्षांचा असताना त्याच्या उशीला मुंग्या लागल्या. उशी उसवली तर आत गुळाचे खडे. त्याच महिन्यात सूनबाईला पहाटे तो ओट्याखाली बसून कच्ची कणीक खाताना दिसला. मी त्याला ओरडले, देवासमोर कान धरायला लावले, परत करणार नाहीस असं वदवून घेतलं. तो रडत हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी देवापुढची साखर गेली.

शाळेत मी खोड्या करणारी शेकडो मुलं पाहिली होती. ही खोडी नव्हती हे मला कळायला हवं होतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग आपल्याला ‘पुरे’ असं सांगतो, तो या मुलांत नीट चालत नाही. चार दिवस न जेवलेल्या माणसासमोर ताट ठेवून ‘हात लावू नकोस’ म्हणावं, तसं या मुलाचं रोज असतं. त्यानं उचललेल्या खाण्याला चोरी म्हणू नका. त्याची उलटतपासणीही घेऊ नका, कारण तुम्ही खोदून विचाराल तसा तो खोटं बोलायला शिकेल. नजरचूक आपली, असं समजून कपाट बंद करायचं.

पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. पुढचं जेवण मिळेल की नाही ही शंका मुलाला राहू नये. मधेच काही हाती लागेल ही आशाही राहू नये. आणि कबूल केलेलं मिळालं नाही, अशी निराशा त्याला कधी होऊ नये. आमच्या घरातला प्रत्येक नियम या तिन्हींतून आला आहे.

कुलूप लावलं त्या रात्री मी जागीच होते. मला वाटलं, हा दारं बडवेल. तो माझ्या अंथरुणाशी आला आणि विचारलं, “आजी, किल्ली तुझ्याकडेच आहे ना?” मी कमरेची किल्ली दाखवली. त्यानं ती हातानं चाचपली आणि जाऊन झोपला. सलग रात्रभर झोपला. तोवर रोज रात्री तो स्वयंपाकघराचा विचार करत जागत होता, हे मला तेव्हा समजलं. कुलूप लावायला तुमचा हात धजत नसेल, तर ही गोष्ट आठवा.

कुलूप फक्त फ्रिजला लावून भागत नाही. धान्य, गूळ, साखर, दाणे, पिठाचे डबे हे सगळं कुलपात. खरकट्याची बादली झाकून बाहेरच्या दाराआड. देव्हाऱ्यात खडीसाखर ठेवायची नाही. आम्ही फूल आणि अक्षता ठेवतो, देव समजून घेतो. टूथपेस्ट, चघळायच्या गोळ्या, पक्ष्यांना घातलेले दाणे, कुत्र्याची पोळी, सगळ्यावर लक्ष. सुटे पैसे आणि पर्स कुलपात, कारण नाक्यावरचं दुकान जवळ आहे. त्या दुकानदारांना मी स्वतः जाऊन सांगितलं की सोहम एकटा आला तर रोख किंवा उधारीवर काहीच द्यायचं नाही, मला फोन करायचा. दोन शेजारणींना सांगितलं. सांगताना मला लाज वाटली नाही. वाटली असती तरी सांगावंच लागलं असतं.

आणि किल्ली एकाच माणसाकडे. किल्ली अमक्याजवळ की तमक्याजवळ, आज उघडं राहिलंय का, असं मुलाला वाटलं की ती आशा परत जागी होते, आणि पुढचे चार दिवस घराला जड जातात.

ताट

सोहमची उंची १३२ सेंटीमीटर आहे. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी उंचीच्या दर सेंटीमीटरला दहा कॅलरी धरून दिवसाला साधारण १३०० कॅलरी ठरवून दिल्या. त्याच्या वयाच्या इतर मुलांना दोन हजारांच्या आसपास लागतात. तुमच्या मुलाचा आकडा वेगळा असेल, तो तज्ज्ञांकडूनच घ्या. मनानं कमी केलं तर वाढ खुंटते.

आपल्या जेवणात कॅलरी लपतात त्या तेलात आणि कुटात. एक लहान चमचा तेल म्हणजे सुमारे ४५ कॅलरी, आणि मी पूर्वी एका भाजीच्या फोडणीला अख्खी पळी घालायची. कोशिंबिरीत दोन मोठे चमचे दाण्याचं कूट घातलं की शंभरावर कॅलरी गेल्या. म्हणून कूट बंद, फोडणी मोजून, तीही घरातल्या सगळ्यांची. त्याला एक आणि आम्हाला एक असा स्वयंपाक करू नका. तो ओळखतो, आणि त्याला ते लागतं.

त्याचं दुपारचं ताट असं असतं. पन्नास ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, म्हणजे सुमारे १७० कॅलरी. अर्धं ताट भरून भाजी: दुधी, दोडका, पडवळ, कोबी, मेथी, पालक. मुळ्याची किंवा काकडीची दह्यातली कोशिंबीर. वाटीभर मुगाची किंवा मटकीची आमटी. शेवटी पातळ ताक. भात रात्री अर्धी वाटी. भाकरी मी लहान तव्यावर थापते, म्हणजे ती ताटात पुरेशी दिसते. पीठ काट्यावर मोजते. डोळ्यांचा अंदाज प्रेमानं वाढतो, काटा वाढत नाही.

आपल्याकडे आग्रह म्हणजे पाहुणचार. अजून एक घ्या, माझ्या हातची म्हणून घ्या. हा आग्रह आमच्या घरातून पूर्ण गेला. पातेली बाहेर येत नाहीत. सगळ्यांची ताटं आतूनच वाढून येतात, सगळं एकदम, आणि कुणालाच दुसऱ्यांदा वाढलं जात नाही. सोहमच्या आजोबांना हे सगळ्यात अवघड गेलं. शेवटी त्यांनी स्वतःच सांगितलं की मला पहिल्यांदाच दोन भाकऱ्या वाढ, म्हणजे परत मागायला नको.

ही मुलं भराभर गिळतात, आणि त्यांची लाळ घट्ट असते. घास अडकून जीव जाऊ शकतो. म्हणून जेवताना कुणीतरी समोर बसायचं. घास, मग पाण्याचा घोट, मग पुढचा घास. हे त्याला मी बाराखडीसारखं पाठ करून घेतलं. घट्ट लाळेमुळे दात लवकर किडतात, म्हणून सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे. खाणं कमी असल्यानं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बाहेरून द्यावं लागतं. वजन दर सोमवारी सकाळी, त्याच काट्यावर, वहीत लिहून.

वेळ

जेवण कधी, असं तो दिवसातून चाळीस वेळा विचारायचा. आता विचारलं की मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करते. तक्त्यावर चित्रं आहेत: अंघोळ, नाश्ता, फिरणं, शाळा, डबा, घर, फळ, अभ्यास, वाती वळणं, जेवण, झोप. प्रत्येक जेवणाच्या चित्राखाली आज काय आहे ते मी सकाळी लिहिते.

इथे एक चूक करू नका. जेवण सात वाजता असं सांगू नका. सात वाजून पाच मिनिटं झाली, कुकर उशिरा झाला, लाईट गेली, की त्याला वाटतं शब्द मोडला, आणि मग जो आकांत होतो तो तासभर थांबत नाही. वेळ नाही, क्रम सांगायचा. वाती झाल्या की जेवण. क्रम कधी मोडत नाही. बदल होणारच असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, आणि बदललेल्या दिवसाचाही क्रम सांगायचा.

आकांत सुरू झाला की समजावत बसू नका, आवाज चढवू नका. त्या वेळी त्याला शब्द ऐकूच येत नाहीत. मी जवळ बसते आणि गप्प राहते. त्याचा श्वास सावकाश झाला की पाण्याचा पेला पुढे करते. आणि आकांत थांबावा म्हणून खाऊ द्यायचा नाही, एकदाही नाही. खाण्याचं बक्षीस नको, खाणं काढून घ्यायची शिक्षाही नको. त्याचं जेवण कुठल्याही भांडणात ओढायचं नाही.

वातींचं सांगते. ही मुलं कातडी खाजवून, उचकटून जखमा करतात. डास चावला की त्याचं महिनाभर चिघळणारं क्षत. ओरडून काही होत नाही, हात गुंतवावे लागतात. मी त्याला कापसाच्या वाती वळायला शिकवलं. पहिल्या महिन्यात एकही नीट झाली नाही. बोटांत ताकद नव्हती. आता रोज संध्याकाळी पन्नास वाती वळतो, आणि गल्लीतल्या चार घरी त्याच्याच वाती लागतात. जिगसॉ चित्रं जोडण्यातही या मुलांपैकी कित्येकांचा हात चांगला असतो. सोहम दीडशे तुकड्यांचं चित्र माझ्याआधी लावतो.

सण, लग्न, पाहुणे

सण टाळू नका. सण टाळले तर मुलाला फक्त इतकंच कळतं की माझ्यामुळे घरात काही होत नाही.

गणपतीत एकवीस मोदक होतात. त्यातला एक उकडीचा मोदक सोहमचा, हे आदल्या दिवशी तक्त्यावर चित्र काढून ठरलेलं. त्या दिवशी त्याचा भात वजा. नैवेद्य दाखवून झाला की बाकीचे मोदक लगेच जाऊबाईंच्या घरी जातात, आमच्या घरी एकही राहत नाही. आरतीनंतर खिरापत फिरते ती डाळिंबाच्या दाण्यांची. संक्रांतीला गल्लीभर तिळगूळ मिळतो. तो सगळा त्यानं माझ्याकडे द्यायचा, आणि दर दहा वड्यांना चित्राच्या नव्या खोक्यातले काही तुकडे मिळतात. एक वडी त्याची. दिवाळीचा फराळ आमच्या घरी तळला जात नाही. तळणीचा वास दिवसभर घरात कोंडून राहतो आणि त्या वासात त्याला बसवणं हा छळ आहे. कंदील, किल्ला, रांगोळी हे सगळं भरपूर. किल्ल्याची माती कालवायचं काम त्याचंच. एकादशीला आमची साबुदाण्याची खिचडीही बंद झाली. मी ताकावर राहते.

लग्नात पंगत असेल तर जायचं. पंगतीत पान वाढून समोर येतं, शेजारी बसून मी सांभाळू शकते, आणि पहिल्या पंगतीत जेवून उठलो की घरी. बुफे असेल तर अक्षता टाकून निघायचं. डोळ्यांसमोर संपता संपत नाही असं अन्न आणि कुणीही भरून देणारी वाटी, हे त्याच्या आवाक्यातलं नाही. नातलग रुसतात. एक मावशी तर त्याच्या खिशात लाडू घालायच्या, “पोरगं बघा कसं बघतंय” म्हणत. मी त्यांना घरी बोलावून वजनाची वही दाखवली. त्यांच्या त्या चार भेटींचे आठवडे वहीत स्पष्ट दिसत होते.

शाळा

प्रत्येक जूनमध्ये मी वर्गशिक्षिकांना भेटून एक चिठ्ठी देते. तुम्ही हवी तशी उतरवून घ्या:

“सोहमला प्रेडर-विली सिंड्रोम आहे. त्याला पोट भरल्याचं कळत नाही. कृपया त्याचा डबा तुमच्याकडे ठेवावा आणि मधल्या सुट्टीत तुमच्यासमोर खायला द्यावा. मुलांचे डबे कपाटात बंद असावेत. वाढदिवसाचं चॉकलेट त्याच्या हाती न देता माझ्याकडे द्यावं. शाळेतली खिचडी त्याला वाढू नये. त्या वेळी त्याचा डबा द्यावा. त्यानं काही उचलून खाल्लं तर वर्गासमोर बोलू नये, मला कळवावं. तो पडला आणि रडला नाही तरी हातपाय तपासावेत. त्याला वेदना कमी जाणवतात. उलटी झाली किंवा पोट फुगलं तर लगेच फोन करावा.”

बाईंना पहिल्याच आठवड्यात ताण आला. मी जाऊन चार दिवस मधल्या सुट्टीत वर्गात बसले. पाचव्या दिवशी वर्गातल्या मुलींनीच डब्यांचं कपाट लावायचं काम घेतलं. मुलांना खरं सांगितलं तर ती मोठ्यांपेक्षा लवकर शहाणी होतात.

चालणं

स्नायू सैल, त्यामुळे हालचाल नको वाटते आणि खर्च होणाऱ्या कॅलरीही कमी. रोज सकाळी सहाला मी आणि तो प्रीतिसंगमावर जातो. कृष्णा-कोयनेच्या काठानं चाळीस मिनिटं. सकाळीच जायचं, कारण संध्याकाळी तिथे भेळेच्या गाड्या लागतात. चालायला जायचं की नाही, असं त्याला मी कधी विचारत नाही. ते तक्त्यावर आहे, जसं जेवण आहे.

हार्मोन, पैसे आणि कागद

ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन या मुलांना फार उपयोगी पडतं. उंची वाढते, चरबी कमी होऊन स्नायू येतात, हालचाल सुधारते. भूक मात्र त्यानं जात नाही. प्रेडर-विलीसाठी त्याला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. सुरू करण्याआधी झोपेची तपासणी आणि टॉन्सिलची तपासणी करून घ्यायची, कारण झोपेत श्वास अडकत असेल तर आधी ते बघावं लागतं. पाठीचा कणा वाकतो का हेही दर भेटीत. मी अंघोळीच्या वेळी त्याला कमरेत वाकवून पाठ दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते पाहते.

इंजेक्शन रोज रात्री आणि महाग. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या धोरणात प्रेडर-विलीसाठीचं ग्रोथ हार्मोन नमूद आहे. मदतीसाठी ठरलेल्या केंद्रात नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम रुग्णालय असं केंद्र आहे. मदतीची मर्यादा ५० लाख रुपये आहे. कागदांची फाईल एकदाच नीट लावा: मेथिलेशनचा मूळ रिपोर्ट, वजन-उंचीची वही, आधार, रेशनकार्ड, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हेही काढा. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळतो.

भुकेवरच्या एका औषधाला, डायझॉक्साइड कोलिनला, मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या रुग्णांसाठी परवानगी मिळाली. हे वाचलं त्या दिवशी मी सुनेला मिठी मारली. त्यानं रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून डॉक्टरांशिवाय तिकडे वळायचं नाही, आणि त्याच्या भरवशावर कुलूप काढायचं नाही.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

या मुलांना सहसा उलटी होत नाही. नासकं खाल्लं तरी पोटात राहतं. म्हणून उलटी झाली तर ती साधी समजू नका. भरपूर खाल्ल्यानंतर पोट फुगलं, दुखतं म्हणाला, उलटी झाली किंवा एकाएकी जेवण नको म्हणाला, तर त्याच पावली रुग्णालयात. जठर ताणून त्याला इजा होऊ शकते, आणि ओवा-हिंग देत बसलात तर वेळ निघून जाते. जेवण नको म्हणणं हे तर सगळ्यात मोठं लक्षण.

ताप चढत नाही म्हणून आजार नाही असं धरू नका. शरीराचं तापमान राखण्यातही गडबड असते. वेदनेचंही तसंच. सोहमचं करंगळीचं हाड मोडलं तेव्हा तो दोन दिवस वाती वळत होता. सूज दिसली म्हणून मला कळलं.

आणि कुठलंही ऑपरेशन असेल, अगदी दाताचंही, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः भेटून सांगा. उपाशी ठेवायला सांगितलेलं मूल गुपचूप खाऊन आलेलं असू शकतं, म्हणून पोट रिकामं आहे असं त्यांनी गृहीत धरू नये. त्या रात्री कुणीतरी त्याच्या शेजारी जागं राहावं.

हे सगळं एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून मी प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलं आहे: आजाराचं नाव, गळालेला तुकडा असा प्रकार, वेदना कमी जाणवतात, उलटी आणि पोटफुगी म्हणजे तातडी, ताप दिसणार नाही, लाळ घट्ट, श्वासाकडे लक्ष, चालू औषधं, दोन फोन नंबर. त्याच्या चार प्रती आहेत. एक दप्तरात, एक सुनेच्या पर्समध्ये, एक वर्गशिक्षिकांकडे, आणि एक फ्रिजच्या दारावर, कुलपाच्या वर चिकटवलेली.